एक कमी हाय

माझ्या बहिणीला नोकरीत कायम केलं. साहेब रसवंतीच्या मागून बाहेर आले, भरल्या गाडीसमोर ‘बाई, माझंच चुकलं’ म्हणाले, आणि माणसांनी टाळ्या वाजवल्या. हे वाचलंच नाही असं धरावं. मीही ते घडलं नाही असंच धरतो, कारण आत्ता सातला चार मिनिटं कमी आहेत, मी रांजणगावच्या एका कारखान्याच्या गेटवर उभा आहे, आणि त्या घटनेच्या आधी मी स्वतः घडलोय की नाही याचा निकाल लागायचा आहे. भिंतीवरच्या नव्या यंत्रावर मी अंगठा ठेवला. यंत्र एका सुशिक्षित बाईच्या आवाजात म्हणालं, ‘प्लीज ट्राय अगेन.’ मी ट्राय केलं. बाईंचं मत बदललं नाही. मग कार्डाचा नंबर दाबला, तर काचेवर माझं नाव उमटलं, शंभू तात्याबा शिंगाडे, आणि त्यापुढं ‘अबसेंट’. त्या नावापासून एका फुटावर मी डब्यासकट उभा होतो. गेटवरचा हरिबा वॉचमन मला तीन वर्षं रोज तंबाखू मागतो. तो काचेकडं बघून म्हणाला, “यंत्र म्हणतंय तू आला न्हाईस.” मी म्हणालो, “मग हा कोण आलाय?” तो म्हणाला, “ते माझ्याकडं न्हाई. ते ऑफिसात विचार.” मागं रांगेतला एक वेल्डर कळवळून बोलला, “अंगूठा धो के आओ भाई, घिस गया है.”

म्हणून मी नळावर गेलो. पाणी गार होतं, अंगठ्याला ते लागतही नव्हतं. पॉलिशखात्यात तीन वर्षं पॉलिशपेपर धरून त्या अंगठ्यावरच्या रेघा सपाट झाल्या होत्या. लोखंड आरशासारखं करता करता अंगठाही झाला, त्यात फक्त तोंड दिसायचं राहिलं होतं. मला राग आला नाही, फक्त पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि पायरी नसावी तसं झालं. सातशे अठरा माणसांच्या कारखान्यात आज एक कमी झाला होता आणि आकड्याला त्याचं काही वाटत नव्हतं, सातशे सतरा म्हणून तो तेवढाच नीटनेटका दिसला असता. आणि नळाच्या आवाजात, अगदी कानाशी, अक्काचा आवाज आला, “एक कमी हाय.” अक्का त्या वेळी चाळीस किलोमीटर लांब, दौंडच्या स्टँडवर, एसटीच्या दारात उभी असणार. पण हे तीन शब्द आमच्या घरात कुणाच्याही डोक्यात कधीही वाजतात. ते मुळात तिचेही नाहीत, आबांचे आहेत.

आबा, म्हणजे आमचे वडील तात्याबा, दिवाळीनंतर मेंढरं घेऊन बाहेर पडायचे ते पावसाच्या तोंडावर भांडगावच्या माळावर परत यायचे. दिवस मावळताना जाळीचं कुंपण उभं राहायचं. त्याला आम्ही वाघर म्हणतो. त्याच्या तोंडाशी आबा काठीवर हनुवटी टेकून उभे राहायचे आणि मेंढरं एकेक आत जायची. आबांना विसापर्यंत आकडे येत होते, पण मेंढरांवर त्यांनी ते कधी खर्च केले नाहीत. ते तोंडं बघायचे. शेवटचं मेंढरू आत गेलं की म्हणायचे, “एक कमी हाय. कानफाटी न्हाई आली.” मग हाक. मग अंधुक उजेडात ओढ्याच्या बाजूनं कानफाटी खाली मान घालून यायची, कॉलेजला उशिरा पोचलेल्या पोरासारखी. एकदा मी शाळेत शिकलेलं गणित दाखवायला सगळी मेंढरं आकड्यानं मोजून दिली. आबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “आकड्यानं मोजलं तर एक गेलं येवढंच कळतं. कोन गेलं त्ये कळत न्हाई. आन् कोन गेलं त्ये कळलं न्हाई तर हाक कुनाला मारायची?” मला त्या वर्षी गणितात पंचाण्णव होते.

अक्का, वच्छला, जाळीचं दुसरं टोक धरून उभी असायची. सात वर्षांची असल्यापासून. तिचं नाव तीन गावांच्या तीन शाळांत होतं आणि तिन्हीकडं ती गैरहजर होती. तरी तिनं अक्षरं मिळवली. खताच्या गोणीवरून, मैलाच्या दगडांवरून, ज्या कागदात भजी यायची त्यावरून. तेलकट कागदावर अर्धीच बातमी असायची, उरलेली ती चालता चालता स्वतः रचायची. मेंढरं विकून आम्ही खुटबावला दोन एकरांवर स्थिर झालो तेव्हा ती सोळा वर्षांची होती. एकोणिसाव्या वर्षी बाहेरून दहावी झाली, बाविसाव्या वर्षी लग्न झालं, आणि चोविसाव्या वर्षी वाहकाच्या नोकरीचं पत्र आलं. सासरच्यांनी तिच्यापुढं दोन मार्ग ठेवले, नोकरी सोड किंवा घर सोड. तिनं तिसरा मार्ग घेतला, म्हणजे सकाळची सातची गाडी घेतली आणि काहीही सोडलं असं न म्हणता माहेरी आली. चार महिने सासरची माणसं, ‘मग आमचं काय ठरलं’ असं विचारायला येत होती. ती त्यांना चहा द्यायची आणि म्हणायची, “तुमचं काय ठरलं त्ये मला कसं ठावं?”

खाकी पहिल्यांदा अंगावर घालून ती घरी आली त्या दुपारी आबा ओट्यावर बसले होते. आमच्यासारख्यांच्या आयुष्यात खाकी एकाच दिशेनं येते, जंगलखात्याच्या. मेंढरू कुरणात शिरलं की खाकी येते, काठी हिसकते, कळप अडवते. अक्का उन्हातून फाटकाशी आली, तिचं तोंड उन्हामुळं दिसत नव्हतं, फक्त रंग दिसला. आबा ताडकन उठले, त्यांनी डोक्याचं मुंडासं काढून हातात घेतलं आणि म्हणाले, “सायेब, चुकून शिरली. आत्ता काढतो.” विकून आठ वर्षं झालेली मेंढरं आबा आमच्या अंगणातून काढायला निघाले. मी हसलो. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो आणि हसण्याशिवाय मला दुसरं काही येत नव्हतं. अक्का हसली नाही. ती जवळ आली, आबांच्या हातातलं मुंडासं घेऊन तिनं त्यांच्या डोक्यावर परत बांधलं, नीट, घट्ट, आणि म्हणाली, “आबा, आता खाकी आपल्या घरात हाय. कुनाला काढायचं न्हाई.” आबा बराच वेळ तिच्या बाहीचं कापड चिमटीत धरून बघत राहिले. मग म्हणाले, “ऊब न्हाई याला.” संध्याकाळी त्यांनी आपलं घोंगडं घडी घालून तिच्या पिशवीत ठेवलं. पुढं ते घोंगडं वाहकाच्या सीटवर अंथरलेलं असायचं आणि पावसाळ्यात सगळ्या गाडीला मेंढरांचा वास यायचा. प्रवासी खिडक्या उघडायचे, मी लाजेनं खिडकीतून उडी मारायच्या विचारात असायचो.

कारण मी त्याच गाडीतून दौंडला कॉलेजात जात होतो. आठवड्यातून चार दिवस शिरूरला मामाकडं राहायचं आणि तिथून शिरूर–निमोणे–दौंड. शेवटच्या सीटवर बसून मी तिला ओळखत नसल्याचा अभिनय करायचो आणि ती मला तिकीट देताना, “कुठं?” असं परक्यासारखं विचारून मला त्यात मदत करायची. त्या रस्त्यावर बाई वाहक कुणी पाहिली नव्हती. पहिल्या आठवड्यात काही लोक गाडीत न बसता नुसते बघायला यायचे. निमोण्याच्या पुढं एक फाटा होता, तिथं चहाची टपरी, रसवंती आणि मागं बाभळी. गाडी तिथं दहा मिनिटं थांबायची. पुरुष उतरायचे, चहा प्यायचे, आडोशाला जायचे. बाया उतरायच्या नाहीत. एक बाई उतरली होती म्हणे कधी काळी, बाभळीआड गेली, वाहकानं दोरी ओढली, डबल बेल, गाडी गेली. तेव्हापासून त्या रस्त्यावरच्या बाया आदल्या रात्रीपासून पाणी पीत नव्हत्या. हे मला कुणी सांगितलं नाही. अक्कानं ते तोंडांवरून ओळखलं, जसं तहानलेलं मेंढरू कळतं तसं. एकदा तिनं पितळी डबा घेऊन बसणाऱ्या म्हाताऱ्या तानुबाईंना धरून खाली उतरवलं. “जावा बाभळीकडं. तुम्ही आल्याबगर चाक हलायचं न्हाई.” तानुबाई म्हणाल्या, “समदे असंच म्हनत्यात गं बाई.” दहा मिनिटं झाली, संपत ड्रायव्हरनं हॉर्न दिला.

“बाई, डबल मारा की!”

“एक कमी हाय.”

“कोन?”

“पितळी डबा.”

“आवं डबा हितंच हाय सीटवर!”

“डबा हाय. पितळी डबा न्हाई.”

संपतनं स्टेअरिंगवर कपाळ टेकलं. पण गाडी थांबली. तानुबाई सावकाश आल्या, राणीच्या चालीनं, आणि चढताना सगळ्या पुरुषांकडं एकदा बघून घेतलं. दुसऱ्या दिवशी चार बाया उतरल्या. महिन्याभरात बाया उतरून चहा पिऊ लागल्या, पाणी पिऊ लागल्या, एक तर रस प्याली, आणि टपरीवाल्याला कळेना की आयुष्यात आपण एवढे दिवस नुसते पुरुषांनाच चहा का पाजत होतो.

अक्कानं सगळ्यांना नावं दिली होती. खोकला, निळी पिशवी, दोन वेण्या, डुलकी, कोपऱ्यातला. निघताना ती दारात पाठमोरी उभी राहून आतली तोंडं बघायची, ओठ न हलवता, आणि शेवटी जिभेनं टाळूवर एक बारीक आवाज काढायची, मेंढरं आत आल्यावर काढतात तो. तो आवाज आला की माझे कान तापायचे. कॉलेजची पोरं म्हणायची, “शंभ्या, ही बाई आपल्याला वाड्यात कोंडती का काय?” मी त्यांच्यापेक्षा जास्त हसायचो. निमोण्याचे हौसराव हसले नाहीत. ते सोसायटीचे चेअरमन, दौंडला त्यांची सदैव कसली तरी मीटिंग, पांढरीशुभ्र टोपी आणि टोपीपेक्षा ठळक मिशी. एकदा फाट्यावर ते कुणाशी तरी पुढाऱ्यासारखे बोलत उभे राहिले आणि गाडीतून अक्काचा खणखणीत आवाज आला, “मिशी न्हाई आली अजून!” मिशी आली. पण त्या दिवसापासून ती वाकडी आली. हौसरावांनी आगारात लेखी तक्रार दिली: सदर वाहक महिला या प्रवाशांना मेंढरे समजतात, त्यांना अवयवावरून हाका मारतात, व गाडी सरासरी पंचवीस मिनिटे उशिरा नेतात. कुठल्या आगारात दिली ते मी सांगणार नाही. तक्रारीतलं एकही अक्षर खोटं नव्हतं, हीच अडचण होती.

अक्काला नोकरीत कायम करायच्या आधीची परीक्षेची मुदत संपायला अकरा दिवस होते. आगारातून कळलं की साहेब स्वतः येऊन बघतील, कधी ते सांगणार नाहीत. गाडी उशिरा निघाली तर बाईंना घरी बसवायचं आणि ती फेरीच बंद करायची. ही फेरी म्हणजे निमोण्याच्या बारा पोरींचं कॉलेज. त्यांचे बाप म्हणत, वच्छलाची गाडी असेल तर जा, नाही तर भाकऱ्या थापा. म्हणजे अक्काच्या टाळूवरच्या त्या आवाजावर बारा पोरी लटकल्या होत्या. नोकरी गेली तर अक्काला मात्र फक्त खाकी उतरवून त्याच फाटकातून आत यावं लागणार होतं, जिथं आबा मुंडासं घट्ट बांधून बसलेले असायचे. मी तिला म्हणालो, “अक्का, अकरा दिवस आकड्यानं मोज. उतरले किती, चढले किती, जुळलं की डबल. मग कायम झाल्यावर हवं ते कर.” ती माझ्याकडं बघत राहिली. कानफाटी दिसत नसल्यावर आबा बघायचे तसं. मी तिथंच उभा होतो तरी. म्हणाली, “बरं.”

आज नळावर तो ‘बरं’ पुन्हा ऐकू आला आणि मी नळ बंद करायचा विसरलो. साबण नव्हता, वाळू होती, तीच मी अंगठ्याला चोळत होतो. म्हणजे उरलेल्या रेघाही घालवत होतो. एखादी गोष्ट नीट करायच्या नादात मी ती संपवतो, ही माझी जुनी खोड. त्या ‘बरं’च्या दुसऱ्या दिवशी अक्कानं खरंच आकड्यानं मोजलं. उतरले एकोणीस, चढले एकोणीस, डबल बेल, गाडी वेळेवर. संपत शीळ घालायला लागला. दोन किलोमीटरवर अक्का एकदम उभी राहिली. उजवीकडच्या तिसऱ्या सीटवर एक अनोळखी माणूस भुईमुगाच्या शेंगा खात बसला होता. तो फाट्यावर नव्यानं चढला होता. त्या सीटवरची दोन वेण्या, म्हणजे बारावीची पूनम, मागं राहिली होती. आकडा जुळला होता. आकड्याला शेंगावाला आणि पूनम सारखेच होते. रस्ता एवढा अरुंद, दोन्हीकडं ऊस, गाडी वळायला जागाच नाही, म्हणून संपतनं दोन किलोमीटर गाडी रिव्हर्स घेतली. अक्का मागच्या खिडकीतून डोकं काढून हाका मारत होती, आणि रस्त्यावर पूनम ताठ चालत येत होती, रडत नव्हती, फक्त वह्या छातीशी घट्ट. गाडीत चढताना ती अक्काला म्हणाली, “मला वाटलं, तुम्ही तरी मोजाल.” मी शेवटच्या सीटवर बसलो होतो, आणि रिव्हर्समध्ये शेवटची सीट सगळ्यांत पुढं असते. मला ते दोन्ही चेहरे सगळ्यांच्या आधी दिसले. त्या दिवशी मी सीटवरून उठलो आणि पुढं जाऊन घोंगड्यावर, तिच्या शेजारी, सगळ्या कॉलेजसमोर बसलो. ती म्हणाली, “कुठं?” मी म्हणालो, “हितंच, अक्का.”

साहेब नवव्या दिवशी आले. जाड काचांचा चष्मा, साधा शर्ट, रीतसर दौंडचं तिकीट. आम्हाला कुणालाच पत्ता नव्हता. अक्काच्या लेखी ते चष्मा होते. फाट्यावर साहेब उतरले, रसवंतीत गेले आणि मागच्या बाजूला उसाच्या चोयट्यांच्या ढिगाआड घड्याळ घेऊन लपले. बाई किती वेळ फुकट घालवतात ते मोजायला. दहा मिनिटं झाली. संपतनं इंजिन चालू केलं. अक्का दारात पाठमोरी उभी राहिली. तिचा हात दोरीवर गेला आणि तिथंच राहिला. टाळूवरचा आवाज आला नाही. तिला ठाऊक होतं कोण कमी आहे, आणि हेही ठाऊक होतं की साहेब कधीही येऊ शकतात, म्हणजे आजची पंचवीस मिनिटं तिची नोकरी घेऊ शकतात. दोरीवरची तिची बोटं मला अजून दिसतात, पांढरी पडलेली. ती बोलली असती की नाही, मला माहीत नाही. तेवढ्यात चौथ्या सीटवरून आवाज आला.

“ओ बाई, थांबा. चष्मा न्हाई आला.”

हौसराव होते. स्वतः बोललोय हे त्यांना जरा उशिरा कळलं आणि मिशी हातानं झाकली गेली. पण तोवर खोकला खिडकीतून वाकून बघत होता, डुलकी जागा झाला होता, आणि पितळी डबा म्हणाल्या, “व्हय की! माझ्या शेजारचा. पाय लांब हायेत त्याचे.” संपत म्हणाला, “मग सोडून चला, एकच तर हाय.” यावर हौसराव उभे राहिले आणि सोसायटीच्या वार्षिक सभेत बोलतात त्या आवाजात म्हणाले, “एक हाय म्हंजी? मानूस हाय का शेंगांचं टरफल?” मग सगळी गाडीच उतरली. चष्मा, चष्मा, अशा हाका उसात गेल्या. बाया बाभळीकडं गेल्या, पोरं ओढ्याकडं, टपरीवाला टपरी सोडून. चिपाडांआड बसलेल्या साहेबांना आता बाहेर येणं जमेना. जितका वेळ जावा तितकं बाहेर येणं अवघड होत गेलं. एक तास दहा मिनिटं. शेवटी शोधायला गेलेल्या टपरीवरच्या कुत्र्यानं त्यांना काढलं. ते उठले, अंगाला उसाचा चोथा चिकटलेला, हातात घड्याळ, आणि समोर गाडीभर माणसांच्या तोंडावर असा काही आनंद, की आयुष्यात त्यांच्या येण्यानं कुणाला एवढा आनंद झाला नसावा. त्यांनी कोण आहोत ते सांगितलं. कुणाला त्याचं विशेष वाटलं नाही. तानुबाई म्हणाल्या, “सायेब आसलास तरी आईला घोर असतो रं.” अक्का म्हणाली, “रस झाला का पिऊन? बसा.” मग तिनं सगळी तोंडं बघितली आणि टाळूवर जीभ वाजवली, जोरात, गाडीभर ऐकू जाईल अशी. साहेब म्हणाले, “बाई, माझंच चुकलं,” आणि माणसांनी टाळ्या वाजवल्या. अहवालात ‘उशिराचे कारण’ या रकान्यात साहेबांनी स्वतःचं नाव लिहिलं. फेरी राहिली. पुढच्या वर्षी पोरी बारा होत्या त्या एकतीस झाल्या, फाट्याच्या बाभळींजवळ पंचायतीनं बायांसाठी आडोशाची पक्की मोरी बांधली, आणि त्या रस्त्यावर आणखी दोन बाया वाहक म्हणून आल्या. पुरुष वाहकही दोरी ओढायच्या आधी मान मागं वळवायला लागले. काही जण टाळूवर जीभ वाजवायला शिकले. त्यांना ती अजून नीट जमत नाही.

नळावरून मी परत आलो तेव्हा यंत्रानं सहाव्या खेपेला, कंटाळून, हिरवा दिवा दिला. पण तोवर मला त्याची गरज उरली नव्हती. मी आत जाताना हरिबाकडं, वेल्डरकडं, रांगेतल्या प्रत्येकाकडं बघत गेलो. एकेकाचं तोंड. मला ओशाळं वाटलं नाही. उलट त्या दिवशी फाट्यापासून दौंडपर्यंत जे वाटत होतं तेच वाटलं. त्या दिवशी गाडी वारा पीत चालली होती, बाया मोठमोठ्यानं बोलत होत्या, आणि हौसरावांनी अक्काकडून तक्रारवही मागून घेतली होती. अक्काचा चेहरा उतरला. पण त्यांनी ती माझ्या मांडीवर ठेवली, माझं अक्षर बरं म्हणून, आणि मिशीला पीळ देत, एकेक शब्द चाखत सांगितलं. मी हलत्या गाडीत लिहिलं, आणि साहेबांसकट सगळ्यांनी खाली सह्या, अंगठे केले:

‘प्रति, मा. आगारप्रमुख. विषय: प्रवाशांचा दर्जा बदलून मिळणेबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून, मी यापूर्वी केलेली तक्रार या अर्जाद्वारे मागे घेत आहे. आम्ही खाली सह्या करणारे आजवर या मार्गावर प्रवासी म्हणून गेलो, व प्रवासी म्हणून अनेकदा मागे राहिलो. तरी शिरूर–निमोणे–दौंड मार्गावरील सर्व स्त्री-पुरुषांस यापुढे अधिकृतरीत्या मेंढरे समजण्यात यावे, तशी नोंद तिकिटावर छापण्यात यावी, व प्रत पशुसंवर्धन विभागास माहितीसाठी पाठवून, केलेल्या कार्यवाहीचा अहवाल आठ दिवसांच्या आत आम्हा प्रत्येकास, तोंड ओळखून, समक्ष देण्यात यावा, ही नम्र विनंती.’